परड्यातल्या कोंबड्या आणि पिसाचा हिशोब



या पानावर आपण आजवर बेळगावच्या तालमी वाचल्या, गणेशोत्सव वाचले, वाचनालयं आणि सीमालढ्यातले तुरुंगवास वाचले. इंदूर-बडोद्याच्या मंडळींनी आपापल्या वाड्यांवर लिहिलं. आज मी कोंबड्यांवर लिहिणार आहे. हसू नका. ज्या बायकांच्या जिवावर आमच्या पिढीची शिक्षणं झाली, त्यांचं नाव जमिनीच्या उताऱ्यावर नव्हतं आणि कुठल्या पासबुकातही नव्हतं. त्यांची स्वतःची म्हणावी अशी जी काही मिळकत होती ती परड्यात दाणे टिपत हिंडायची, आणि घारीपासून मुंगसापर्यंत सगळ्यांचा तिच्यावर डोळा असायचा. ती मिळकत त्यांनी राखली कशी, बुडाली तर भरून कशी काढली आणि पुढं ती पद्धत मोडली कशी, एवढंच सांगायचं आहे. मी कॉमर्सचा माणूस, ३८ वर्षं बँकेत काढली. त्यामुळं जमा-नावेच्या अंगानंच सांगणार.

आधी कोंबडी आली कुठून ते बघू. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा, हे आता सर्वमान्य आहे. पण आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याचाही तिच्या रक्तात वाटा आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासात असं दिसलं, की पाळीव कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग तांबड्याकडून नाही, तर या करड्याकडून आला. हा पक्षी भारताच्या द्वीपकल्पाबाहेर रानात कुठं सापडत नाही. आमच्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या वाटेवर पहाटे त्याची बांग अजून ऐकू येते. आमच्या आजीला जनुकं वगैरे माहीत नव्हती, पण बाजारात कोंबडी घेताना ती आधी पाय बघायची. पाय पिवळेधमक असले तर कोंबडी नवी. अंडी घालून घालून पाय फिके पडतात, म्हणजे तिची बरीचशी कमाई आधीच्या मालकिणीनं खाल्लेली असते. ही पारख शास्त्राच्या पुस्तकातही बरोबरच ठरते.

आमचं घर अनगोळात. आता अनगोळ म्हणजे बेळगाव शहरच, पण माझ्या लहानपणी ते शेतकऱ्यांचं गाव होतं. घरापुढं गल्ली आणि मागं परडं. परड्यात गोठा, गवताची गंजी, विहीर, शेवग्याचं झाड आणि त्यापलीकडं भाताची शेतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हा मी पाच वर्षांचा. पुढं कितीतरी वर्षं घरात बाप्ये माणसं त्यावर तावातावानं बोलायची. आजी मध्येच म्हणायची, "राज्य बदललं व्हय? मग मुंगसाला पण कळवा की, हिकडं येऊ नको म्हणून."

जमीन आजोबांच्या नावानं. भात विकलं की पैसे आजोबांच्या कमरेच्या कशात. म्हशीच्या दुधाचे पैसेही त्यांच्याकडंच. कोंबडीचे आणि अंड्यांचे पैसे मात्र बाप्यांनी मोजायचे नाहीत, हा घरचा अलिखित कायदा. ते आजीच्या मडक्यात पडायचे. माझ्या पाट्या, वह्या, थोरल्या अक्काच्या लग्नातल्या तिच्या वाट्याच्या बांगड्या, आणि मॅट्रिकच्या परीक्षेची माझी फी, सगळं त्या मडक्यातलं.

या धंद्याचा ताळेबंद असा. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, ती पण तीन-चार डावांत. एक डाव झाला की कोंबडी खुडूक होते आणि अंड्यांवर बसायचा हट्ट धरते. मग भाताच्या पिंजराची बुट्टी करून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची. सात-आठ दिवसांनी एकेक अंडं रात्री कंदिलासमोर धरायचं. आत रक्ताच्या शिरांची जाळी दिसली तर ठेवायचं, नाहीतर बाजूला काढायचं. एकविसाव्या दिवशी पिल्लं. बारा अंड्यांतून नऊ-दहा पिल्लं निघाली तर आजी खूश. पण त्यातली तलंगा होईपर्यंत किती जगायची? आजीच्या हिशोबानं तीन, फार तर चार. बाकीची घारीची, मुंगसाची आणि रोगाची. बँकेत आम्ही यंत्रावर दरसाल घसारा लावायचो. आजीच्या धंद्यात घसाऱ्याला पाय आणि पंख होते.

म्हणून राखण हाच खरा धंदा होता. दाणा-पाण्याला खर्च नव्हताच. कणी, कोंडा, खळ्यावरचं सांडलेलं भात आणि उकिरड्यातले किडे एवढ्यावर कोंबडी पोसली जायची. बाईचं कसब राखण्यात लागायचं, आणि ते आधी ओळखण्यात असायचं. सकाळी खुराड्यात काही विपरीत दिसलं, की बायका रडारड करायच्या आधी खुणा बघायच्या.

भरदिवसा कोंबडी मेली, मान आणि डोकं चावलेलं, बाकी अंग तसंच, तर मुंगूस. मुंगूस दिवसाचं जनावर. रात्री केलेल्या कामाचा आळ त्याच्यावर घालायचा नाही. पक्षीच नाहीसा आणि पिसांची रांग कुंपणाकडं गेलेली, तर तिन्हीसांजेला किंवा पहाटे आलेलं रानमांजर, नाहीतर शेताच्या कडेनं आलेला कोल्हा. कौलं सरकलेली आणि त्यावर बिया असलेली विष्ठा, तर उदमांजर. ते फळं खातं, म्हणून बिया. पिल्लं गेली आणि खुराड्याच्या तळाशी ताजी माती उकरलेली, तर घूस. पिल्लं, अंडी गेली, पण ना पीस, ना रक्त, ना माती, आणि कोंबडी रात्रभर ओरडत होती, तर धामण किंवा नाग. अशा वेळी कुणीही आत हात घालायचा नाही, आधी काठीनं पिंजर हलवायचं. अंड्यांची टरफलं फुटून पडलेली असली तर कावळा किंवा मुंगूस. आणि एकही खूण नाही, खुराड्याचं दार जसंच्या तसं लावलेलं, कोंबडी तेवढी नाही, तर आजी म्हणायची, "हे दोन पायाचं मुंगूस."

ओळख पटली की उपाय. आमचं खुराडं जिन्याखाली होतं. खाली घडीव दगडाची फरशी, म्हणजे घुशीला पोखरता येऊ नये. दार म्हणजे खाचेतून वरखाली सरकणारी फळी. कडीवाल्या दारापेक्षा ही बरी, कारण फटीत पंजा घालून ती उचलणं मांजराला जमत नाही. आत दोन आडव्या काठ्या. कोंबडीला उंचावर झोपायची सवय, आणि जमिनीवर झोपलेली कोंबडी सापाच्या आणि घुशीच्या तोंडाशी असते. आठवड्यातून एकदा चुलीतली राख आत पसरायची, म्हणजे उवा-पिसवा कमी होतात. पिल्लंवाली कोंबडी पहिले काही आठवडे डालग्याखाली, आणि डालग्यावर दगड. दगड नसला तर कुत्रंसुद्धा डालगं उलटं करतं.

घारीसाठी वेगळा बंदोबस्त. परड्याच्या एका बाजूला शेवग्याची आणि तुरीची दाटी मुद्दाम ठेवलेली असायची. आई कोंबडीनं वर बघून ती विशिष्ट घुर्र केली, की पिल्लं सरळ त्या दाटीत घुसायची. उघडं स्वच्छ परडं दिसायला छान, पण पिल्लाला लपायला जागा नाही. होळीचा उरलेला गुलाबी रंग पिल्लांना लावायची पण पद्धत होती, घार बुजते म्हणून. ती कितपत बुजायची देव जाणे, आम्हा पोरांना मात्र आपली पिल्लं शेजारच्यांच्यातून ओळखता यायची.

आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे वेळ. ऊन अंगणात आल्याशिवाय फळी वर करायची नाही, आणि दिवेलागणीच्या आत मोजून खाली करायची. मोजायचं काम आम्हा पोरांकडं. आकडा कमी आला तर कोंबडी सापडेपर्यंत जेवण नाही. पुढं बँकेत रोजची रोकड मोजून जुळवल्याशिवाय घरी जायचं नाही हा नियम मला कुणी वेगळा शिकवावा लागला नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आमच्या गल्लीत कोंबड्या अर्धलीनं देण्याची रीत होती. जिच्याकडं कोंबडी आहे ती, जिच्याकडं नाही तिला एक-दोन तलंगा द्यायची. राखणारीनं सांभाळायचं, पिल्लं मोठी झाली की निम्मी मालकिणीला, निम्मी स्वतःला. अंडी राखणारीची. कागद नाही, व्याज नाही, तारण नाही. ज्या बाईला कोणी चार आणे उसने दिले नसते, तिला या रीतीनं वर्षाच्या आत स्वतःच्या चार कोंबड्या व्हायच्या.

पण मध्येच जनावरानं नेली तर? त्याचा नियम बायकांनी ठरवलेला होता. पीस दाखवलं तर तोटा निम्मा-निम्मा. पीस नाही, तर सगळा तोटा राखणारीचा. पीस म्हणजे पुरावा, की कोंबडी विकली नाही, खाल्ली नाही, खरंच गेली. सापानं नेलं तर पीस राहत नाही, म्हणून तिथं शेजारणीची साक्ष चालायची.

हा नियम नुसता खेळ नव्हता, हे मी १९६३ च्या श्रावणात बघितलं. माझी धाकटी काकू १९५८ ला विधवा झाली होती. पदरात दोन पोरं. घरात तिला कुणी उपाशी ठेवलं नाही, पण पोरीला शाळेत ठेवायचं की काढायचं हे थोरले दीर ठरवणार, अशी परिस्थिती. आजीनं तिला पाच कोंबड्या अर्धलीनं दिल्या, गल्लीतल्या दोघींनी तीन-तीन. तिच्या वाट्याच्या दोन खोल्या परड्याच्या टोकाला होत्या, तिथंच तिचं खुराडं. दोन वर्षांत तिचं स्वतःचं मडकं झालं आणि पोरगी शाळेत राहिली.

त्या श्रावणात तीन दिवस झड लागली होती. रात्री कौल सरकलं आणि उदमांजर आत उतरलं. बंद जागेत सापडलं की ही जनावरं भुकेपुरतं मारून थांबत नाहीत. सकाळी अकरातल्या नऊ कोंबड्या मेलेल्या. खाल्लेली एकच. काकूनं नऊच्या नऊ सुपात घालून आजीपुढं आणून ठेवल्या आणि नुसती उभी राहिली. नियमाप्रमाणं निम्मा तोटा तिच्यावर येत होता. म्हणजे साडेचार कोंबड्या देणं, हातात दोन. ती पुन्हा दिराच्या तोंडाकडं बघणार हे सगळ्यांना दिसत होतं.

गल्लीतली एक मालकीण म्हणाली, "पीस हाय ते खरं, पर कौल का बघिटलं नाही हिनं?" त्यावर आजीनं जे उत्तर दिलं ते मी बारा वर्षांचा असताना ऐकलं आणि अजून विसरलो नाही. "राखणं तिचं. दार लावलं व्हतं, मोजून आत घातल्या व्हत्या. कौल शाकारायचं काम कुणाचं? घराच्या धन्याचं. मग तिच्या वाट्याचा तोटा घरानं भरायचा." आणि तिनं आजोबांना तसं सांगितलं. आजोबा बराच वेळ पान कुटत बसले, मग म्हणाले, "बरं." काकूच्या वाट्याचा निम्मा तोटा भाताच्या पैशांतून भरला गेला, मालकिणींनी आपला निम्मा सोसला. पुढच्या मोसमात त्याच दोघींनी काकूला पुन्हा तलंगा दिल्या. तिची पोरगी पुढं नर्सिंग शिकली आणि सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाली. राखणारीचं काम कुठं संपतं आणि घरमालकाचं कुठं सुरू होतं, याचा एवढा स्वच्छ निवाडा मी नंतर कर्जवसुलीच्या फायलींतही फार वेळा वाचला नाही.

गिऱ्हाईकाचंही सांगायला हवं. अंडी जायची कॅम्पात. बेळगाव जुनी छावणी, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच. मेसमधले स्वयंपाकी अंडी पाण्यात टाकून बघायचे. तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर शिळं, तरंगलं तर परत. १९६१ च्या डिसेंबरात गोव्याच्या कारवाईसाठी बेळगावात फौज जमली, तेव्हा आठवडाभर आमच्या घरात एक अंडं राहिलं नाही, असं मला आठवतं. दुसरं गिऱ्हाईक टिळकवाडीतलं. तिथल्या दोन-तीन शाकाहारी घरांत डॉक्टरांनी आजारी माणसाला अंडं सांगितलेलं असायचं. मी पिशवीत वर भाजी आणि खाली अंडी असं घेऊन मागच्या दारानं जायचो. त्या घरच्या काकू वेगळं भांडं ठेवून द्यायच्या, आणि जाताना माझ्या हातावर लाडू. एका घरात अंडी घेणं मना होतं आणि दुसऱ्या घरात अंड्यावर शाळेची फी भरली जात होती. दोन्ही घरं मराठी, दोन्ही बेळगावची. आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना ही मागची दारंही लिहिली पाहिजेत.

जनावरांपेक्षा मोठा घाला रोगाचा. मानमोडी आली की आठ दिवसांत गल्ली रिकामी. हिलाच सरकारी भाषेत राणीखेत म्हणतात, कारण भारतात १९२० च्या दशकात ती कुमाऊंतल्या राणीखेतला नोंदली गेली. पुढं तिच्यावर लस निघाली. आमच्याकडं जनावरांच्या दवाखान्यातला माणूस ती बर्फाच्या थर्मासमधून आणायचा. ज्यांनी टोचून घेतलं त्यांचं खुराडं वाचलं. मुंगसाला फळी अडवते, मानमोडीला नाही, हे बायकांना लवकर पटलं. लसीला सगळ्यात आधी रांगेत उभ्या राहिल्या त्या याच.

आता माझ्या काळाकडं येतो. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १५ एप्रिल १९८० ला आणखी ६. मी १९७३ ला लागलो. २ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातल्या सगळ्या विकास गटांत गेला, आणि १९८१ ला माझी बदली खानापूर तालुक्यातल्या शाखेत झाली. म्हशी, शेळ्या, शिलाई यंत्रं आणि कोंबड्या, यांच्या कर्जांचे ढीग टेबलावर. अल्पभूधारकाला २५ टक्के सबसिडी, अत्यल्पभूधारकाला आणि शेतमजुराला एकतृतीयांश, आदिवासींना निम्मी. योजना चांगली होती, तिनं पुष्कळांना उभं केलं. पण कोंबड्यांच्या बाबतीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अर्ज पुरुषाच्या नावानं यायचा, कारण उतारा त्याच्या नावाचा. पक्षी राखायची बायको. पैसे जमा व्हायचे त्याच्या खात्यात. आजीच्या मडक्याचा कायदा बँकेच्या फॉर्मात बसत नव्हता.

दुसरी गोष्ट विम्याची. म्हैस मेली तर कानातला बिल्ला आणून द्यायचा, बिल्ला नाही तर दावा नाही. म्हणजे आमच्या गल्लीचा पिसाचाच नियम. मला मनातून हसू यायचं. पण कोंबडीला बिल्ला नसतो. रानाच्या कडेच्या एका वाडीतल्या कर्जदाराच्या घरी चाळीस पक्ष्यांतले अठ्ठावीस रानमांजरानं दोन रात्रीत मारले. बाई पोतंभर पिसं आणि पाय घेऊन शाखेत आली. नवरा बाहेरच उभा. विम्याच्या कागदात रोगाचे रकाने होते, रानमांजराचा नव्हता, दावा परत आला. मी वरच्या कार्यालयाला पत्र लिहून हप्त्यांची मुदत वाढवून घेतली आणि ते कर्ज चार वर्षांनी पूर्ण फिटलं. फेडलं त्या बाईनंच, उरलेल्या बारा पक्ष्यांपासून पुन्हा सुरुवात करून.

त्यानंतर पाहणीला गेलो की फॉर्ममधल्या प्रश्नांआधी मी माझे दोन प्रश्न विचारायचो. रात्री कोंबड्या कुठं झोपतात? आणि अंडी विकल्यावर पैसे कुणाच्या हातात पडतात? पहिल्याचं उत्तर नीट मिळालं तर पक्षी जगायचे, दुसऱ्याचं नीट मिळालं तर कर्ज फिटायचं. वहिनींना बाहेर बोलवा म्हटलं की सुरुवातीला घरची माणसं बिचकायची. मग वहिनी यायच्या आणि मुंगसाची वाट कुठून आहे ते दाखवायच्या.

एवढ्यात बाहेरचं जगही बदललं. १९७१ ला डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, १९८२ ला अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती झाली. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणाऱ्या पांढऱ्या कोंबड्यांच्या शेडी उभ्या राहिल्या. अंडं स्वस्त झालं, गरिबाच्या ताटात आलं, हे चांगलंच झालं. पण कॅम्पातला मेसवाला आता ट्रेनं अंडी घेऊ लागला आणि परड्यातल्या डझनाला गिऱ्हाईक उरलं नाही. मग बेंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आली, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज आली. रंगीत, वजनदार, परड्यात हिंडणाऱ्या. अंडी, मटण दोन्ही जास्त. पण आमच्या बायकांची तक्रार एकच, "ही खुडूक होत नाही." स्वतः अंड्यांवर बसत नाही, म्हणजे पिल्लं दर वेळी विकत आणायची. विकत आणलेल्या पिल्लाला घार दिसल्यावर सावध करणारी आई नाही. अर्धलीची रीत तिथंच संपली, कारण निम्मी पिल्लं वाटायची म्हटलं तर आधी पिल्लं निघायला हवीत.

आणि परडीच गेली. अनगोळातल्या शेतांत प्लॉट पडले, परड्यांत भाड्याच्या खोल्या झाल्या. आमच्या जिन्याखालच्या खुराड्यात आता स्कूटरची जुनी टायरं आहेत. फळीची खाच अजून दगडात दिसते.

पण मंडळी, गेल्या काही वर्षांत उलटं वारं वाहू लागलंय. गावरान अंड्याला चांगला भाव आलाय, आणि बेळगुंदी, उचगाव, येळ्ळूरकडं आपल्याच घरांतल्या सुना, लेकी घरामागं पुन्हा दहा-वीस कोंबड्या पाळू लागल्यात. तेव्हा दोन शब्द त्यांच्यासाठी.

जनावरं कुठं गेलेली नाहीत. २०११ ला खानापूरकडं भीमगड अभयारण्य झालं. ऑगस्ट २०२२ मध्ये तर भर बेळगावात जाधवनगर आणि गोल्फ मैदानाच्या भागात बिबट्या दिसला, आसपासच्या शाळा किती दिवस बंद राहिल्या, शोधायला हत्ती आणले, तरी तो हाती लागला नाही. मुंगूस, उदमांजर, रानमांजर, कोल्हा, धामण, घोरपड यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. सापळा, विष हा गुन्हा आहे, आणि विष घातलेलं शेवटी शेजारचं कुत्रं खातं. शिवाय धामण आणि मुंगूस तुमच्या भाताचे उंदीर खातात, ती त्यांची जमेची बाजू. आजीनंही कधी मुंगूस मारलं नाही. तिचं म्हणणं, "एक मारलं तर दुसरं येतंय. वाट बुजवली तर कुणीच येत न्हाई."

म्हणून वाट बुजवा. बाजारात मिळणारी पातळ षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. बारीक चौकोनाची वेल्ड केलेली जाळी घ्या. ती जमिनीत फूटभर पुरा, किंवा बाहेरच्या बाजूला जमिनीवर दुमडून वर दगड ठेवा, म्हणजे उकरणारं जनावर जाळीवरच उकरत बसेल. छपराची फट तीन बोटांची असली तरी मोठी समजा. दार वरून खाली सरकणारं करा. पिल्लांना लपायला झुडूप ठेवा. मानमोडीची लस चुकवू नका. संध्याकाळी मोजा, आणि मोजायचं काम घरातल्या पोरांना द्या.

आणि जमलं तर शेजारणीला एक तलंग अर्धलीनं द्या. त्यासाठी खुडूक होणारी गावरान कोंबडी घरात हवी, ती सांभाळा. पैशांचं मडकं जिचं तिच्याकडंच राहू द्या, आता त्याला बँकेचं खातं म्हणा हवं तर. आजकाल बचत गटाच्या बैठकीत बायका हप्ता, दंड, राखीव निधी असं बोलतात तेव्हा मला आमच्या गल्लीतलं सूप आठवतं. नियम त्यांना नवे नाहीत.

शेवटी एक विनंती. आम्ही खुराडं, डालगं, बुट्टी, तलंग, खुडूक, अर्धली म्हणतो. माझ्या नातवाला यातले दोनच शब्द माहीत आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, गोव्याकडच्या घरांत यांना काय म्हणत होते? जनावरानं कोंबडी किंवा करडू नेलं तर तोटा कुणाचा, याचा तुमच्या आज्यांनी काय नियम केला होता? खाली लिहा. घरात ऐंशीच्या पुढची कुणी बाई असेल तर आधी तिला विचारून लिहा. हे कुठल्याच दप्तरात नाही, त्यांच्याकडंच आहे.